परसातील सफरचंद (मराठवाडा)

सफरचंद हे गुलाबाच्या कुळातले पानगळी झाड. शास्त्रीय नाव मॅलस डोमेस्टिका. त्याचा रानटी पूर्वज मध्य आशियातल्या तिएन शान डोंगरांत सापडतो. मराठवाड्यात घरामागच्या परसात, पेरू-मोसंबीच्या शेजारी, हौसेने एखाद-दुसरे झाड लावले जाते. बाजारात ‘ॲपल बोर’ म्हणून मिळते ते फळ बोरीचे. नावापलीकडे त्याचा सफरचंदाशी संबंध नाही.

इथल्या उन्हात सफरचंद तगणार नाही, असे सगळे म्हणतात. खरी अडचण थंडीची आहे. हिवाळ्यात झोपलेले डोळे (फांदीवरचे कोंब) पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय नीट फुटत नाहीत. रेड डिलिशससारख्या जातींना सुमारे ७ अंश सेल्सिअसखालचे ८०० ते १,००० किंवा त्याहून अधिक तास लागतात. परभणीत एखाद्या डिसेंबरात पारा ५ अंशांखाली जातोही, पण तो पहाटेपुरता. दुपारी पुन्हा अंगातला स्वेटर काढावा लागतो. त्यामुळे खाल्लेल्या काश्मिरी सफरचंदाची बी कुंडीत टोचली, तर रोप येते, पाने येतात, फूल येत नाही. शिवाय बियांचे झाड मूळ फळाच्या गुणाचे निघत नाही; कलमच आणावे लागते.

कमी थंडीवर भागणाऱ्या जातींपैकी तीन: इस्राएलची ॲना, बहामा बेटांवरची डॉर्सेट गोल्डन आणि एचआरएमएन-९९. शेवटची जात हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. एकच झाड लावण्यापेक्षा ॲना आणि डॉर्सेट गोल्डन जोडीने लावावीत. दोन्ही एकाच सुमारास फुलतात आणि मधमाश्यांमार्फत परागीभवन होऊन फळधारणा सुधारते.

जमिनीची गोष्ट थंडीइतकीच महत्त्वाची. काळ्या कसदार मातीचे कौतुक कापसाला. सफरचंदाची मुळे तिच्यात पावसाळाभर पाण्यात बसून कुजतात. त्यापेक्षा मुरमाड उतार बरा. तो नसेल तर दोन-अडीच फुटांचा खड्डा घेऊन मुरूम, शेणखत व निंबोळी पेंड भरावी आणि झाड उंचवट्यावर लावावे. कलमाचा सांधा मातीवर राहिला पाहिजे. चुनखडीच्या जमिनीत नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाचा तुटवडा. हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात मुरवून आळ्यात दिल्यास फरक पडतो.

मोसंबी-डाळिंबाचा बहार धरणाऱ्याला पुढची युक्ती शिकवावी लागत नाही. नोव्हेंबरअखेरीस पाणी तोडून ताण द्यायचा, डिसेंबरात हलकी छाटणी करायची आणि उरलेली पाने हाताने उतरवायची. इंडोनेशियात जावा बेटावरच्या बातू भागात थंडीविना, अशी पाने काढूनच वर्षात दोन पिके घेतात. नंतर आळे भरून पाणी दिले की डोळे फुगतात. जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी कळ्या उमलून पांढऱ्या होतात. एका गुच्छात चार-पाच फळे धरतात, त्यातले एकच ठेवावे. जीवावर येते, पण न विरळल्यास सगळीच सुपारीएवढी राहतात.

उन्हाळ्यात आळ्यावर सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट जाड पसरावे, खोडाला चुना लावावा आणि पश्चिमेकडून शेडनेट बांधावे. एप्रिल-मेच्या उन्हात फळाची तिकडची बाजू भाजून तपकिरी होते. छाटणीच्या जखमांवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. कोरड्या हवेत पानांखाली तांबडा कोळी ही बारीक, रस शोषणारी कीड येते. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारून ती बरीचशी धुवून काढता येते.

फळ मे-जूनमध्ये तयार होते. रात्री गरम असल्याने लाली अर्धवटच चढते, म्हणून रंगाची वाट पाहू नये. एक फळ कापून बी तपकिरी दिसली की तोडणी करावी. उशीर केल्यास गर पिठूळ होतो, आणि तोवर पोपटांनी आपला वाटा उचललेला असतो.