कोकणपट्टीतले प्रेमपट

रायगडपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात घडणारे, तिथल्या माणसांच्या प्रेमाची स्टोरी सांगणारे मराठी आणि कोंकणी चित्रपट. गोवा कोकणात धरायचा का हा वाद जुनाच आहे, पण सिनेमापुरता गोवा वगळला तर हातात फारच थोडं उरतं, म्हणून इथे धरलाय. या चित्रपटांत प्रेमाच्या आड खलनायकापेक्षा पोटापाण्याचं काम जास्त येतं, म्हणजे चाकरमानी मुंबईला, तारवटी (म्हणजे जहाजावर काम करणारा) बोटीवर आणि मागे घर वाट बघत.

सुरुवात साधारणपणे अल जेरी ब्रागांझा यांच्या 'मोगाचो आंवडो'पासून धरतात. हा पहिला कोंकणी चित्रपट मानला जातो, 24 एप्रिल 1950 ला लागला, गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं.

खरा प्रश्न 'निर्मोण' (1966) या कोंकणी चित्रपटाचा, की त्याची गोष्ट मुळात कुठली. कमाईसाठी दूर गेलेला नवरा मेला असं सगळे धरून चालतात आणि तो वर्षांनी परत येतो. हा सांगाडा इंग्रज कवी टेनिसनच्या 1864 सालच्या 'इनॉक आर्डन' या कवितेशी इतका जुळतो की मूळ तेच मानणं जास्त पटतं, पण नुसतं तेवढं म्हणून सोडून देणं अन्यायाचं होईल, कारण गोव्यात घरटी कोणीतरी तारवटी असायचा, मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये (गोव्यातल्या गावांनी चालवलेल्या वसतिगृहांत) गावागावची माणसं बोटीची वाट बघत राहायची, त्यामुळे ही गोष्ट बाहेरून आली तरी इथल्या बायकांना ती आपलीच वाटली असणार. पुढच्याच वर्षी तिचा हिंदीत 'तकदीर' झाला.

मराठीत 'जैत रे जैत' (1977, दिग्दर्शक जब्बार पटेल) सगळ्यात वरचा. गोनीदांच्या (गो. नी. दांडेकरांच्या) कादंबरीवरचा, कर्नाळ्याच्या बाजूचे ठाकर आदिवासी, मध काढणं हेच काम आणि हीच ओळख, त्यामुळे नाग्या-चिंधीचं प्रेम लिंगोबाच्या डोंगरापासून वेगळं काढताच येत नाही. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत.

लक्ष्मीकांत शेटगावकरांच्या 'पलतडचो मनीस'मध्ये (2009) जंगलात ड्युटीवर एकटा असलेला वनरक्षक आणि गावाने वेडी ठरवलेली बाई आहे, टोरांटोत त्याला समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. बार्ड्रॉय बारेटो यांच्या 'नाचुया कुंपासार'मध्ये (2014) मुंबईच्या बँडमध्ये वाजवणारा गोंयकार आणि त्याची गायिका, प्रेम आणि रोजगार एकाच स्टेजवर. मालवणीचा जोर मात्र पडद्यापेक्षा रंगमंचावर राहिला, 1980 च्या 'वस्त्रहरण' नाटकापासून तर जास्तच.