इनटेक, एक्झॉस्ट, ट्यून: बेरीज का जुळत नाही

गाडीची ताकद वाढवायला लोक इनटेक (इंजिनात हवा येण्याची वाट) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याची वाट) बदलतात, आणि ट्यून म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घेतात. ‘इनटेकचे 10, एक्झॉस्टचे 15, ट्यूनचे 10, म्हणजे 35 हॉर्सपॉवर वाढले’ हा हिशेब वर्षानुवर्षे फिरतोय आणि तो चुकीचा आहे. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंप) नसलेलं इंजिन हवा ओढतं ती वातावरणाच्या दाबावरच. वाट मोकळी केली तरी तो दाब वाढत नाही. अडथळ्यात वाया जाणारं थोडंसं परत मिळतं, इतकंच. आणि आजच्या स्पोर्ट्स कारमध्ये कंपनीने बरेचसे अडथळे आधीच काढलेले असतात. उघडा (डब्याशिवायचा) एअर फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढू लागला तर उलट तोटाच: हवा 3 अंश सेल्सिअसने तापली की तिची घनता साधारण 1 टक्क्याने घटते. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असं कृपया धरू नका. पार्ट बसवण्याआधी आणि नंतर, एकाच डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा.