आयुष्मान वय वंदना कार्ड: गोव्यातल्या ज्येष्ठांचे अर्ज नेमके कुठे अडतात

केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या कार्डावर ७० किंवा त्याहून जास्त वयाच्या कोणालाही रुग्णालयात भरती होऊन वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. उत्पन्नाची अट नाही. तेव्हा मामलेदार कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहू नका. कागद एकच, आधार. आणि घोडं पेंड खातं ते तिथंच.

वय आधारवरूनच धरतात. काणकोण-सांगेकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं वय आधार काढताना अंदाजाने घातलं गेलं. आजी ७४ वर्षांची, आधारवर मात्र ६८. अशा वेळी मतदार ओळखपत्र पुढे करून भागत नाही, आधी आधार दुरुस्त करावं लागतं आणि त्यासाठी जन्मदाखल्यासारखा मान्य पुरावा हवा. पोर्तुगीज काळापासून आपल्याकडे जन्मनोंदणी होती, त्यामुळे सिव्हिल रजिस्ट्रारकडे जुनी नोंद सापडण्याची आशा असते. पण ती पोर्तुगीजमध्ये असते. त्यात प्रभूचा पोरोब झालेला असतो आणि बायकांची नोंद माहेरच्या नावाने असते. शोधायला जाताना आईवडिलांची पूर्ण नावं, जन्मगाव आणि लग्नाची नोंद सोबत न्या. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून दाखला हाती येईपर्यंत बदलायची घाई करू नका.

दुसरी अडचण ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवण्याची. ओटीपी जातो मुलाच्या नंबरवर आणि मुलगा असतो जहाजावर. मग अंगठा लावायचा. आयुष्यभर काजूच्या बिया फोडलेल्या बायकांची बोटं मी जवळून पाहिली आहेत. टरफलातल्या तेलाने कातडी इतकी खाल्लेली की टोकांवर रेषाच उरलेल्या नाहीत. यंत्र पुन्हा पुन्हा नकार देतं, समोरचा माणूस 'उद्या या' म्हणतो आणि दोन बस बदलून आलेली बाई तशीच परत जाते. हे चुकीचं आहे, कारण चेहऱ्यावरून किंवा बुबुळांवरून ओळख पटवायची सोय याच योजनेत आहे. ती हक्काने मागा.

जुनं आयुष्मान कार्ड असलं तरी वय वंदनासाठी ई-केवायसी पुन्हा करावी लागते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड हे वेगळं, ते आहे म्हणून हे झालं असं समजू नका. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. खाजगी विमा किंवा कामगारांचा ईएसआय विमा असेल तरी चालतं. मात्र केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांमध्ये असाल तर दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं, तेव्हा घरच्यांशी बोलून ठरवा. जुना मधुमेह, हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरतात. ओपीडीतली तपासणी आणि रोजच्या गोळ्या यात येत नाहीत.

नोंदणी आयुष्मान ॲपवर किंवा योजनेतल्या रुग्णालयात होते. अंतिम तारीख नाही, पण भरती झाल्यावर आधारमधली चूक हातोहात सुधारत नाही, म्हणून घरातल्या ज्येष्ठांचं आधार आजच काढून जन्मतारीख बघा. शंका असल्यास १४५५५ वर विचारा.