पेपेला: शिडाच्या अटीवर मिळालेला समुद्र

इंडोनेशियाच्या दक्षिण टोकावरील रोते बेटाचे नाव मराठी कानाला उगाच करुण वाटते. त्याचा रडण्याशी काही संबंध नाही. तिमोर बेटावरील कुपांग या शहरापासून बोटीने काही तासांवर असलेले हे बेट पूर्व नुसा तेंगारा प्रांतात मोडते आणि तिथला पाऊस वर्षातले जेमतेम तीन-चार महिने पडतो. अशा कोरड्या जमिनीवर माणसे टिकली ती मुख्यतः ताडाच्या आधाराने. कोकणात ज्याचे ताडगोळे खाल्ले जातात, त्याच झाडाचा गोड रस आटवून काढलेला पाक रोतेत पिढ्यान्‌पिढ्या रोजचे अन्न म्हणून पुरवला गेला. बेटाच्या पूर्वेकडील खाडीकाठच्या पेपेला या गावाने मात्र झाडापेक्षा समुद्रावर अधिक भिस्त ठेवली. इथे रोतेचे मूळ रहिवासी आहेत, तसेच उत्तरेकडील सुलावेसी बेटाकडून आलेले बाजो आणि बुतोनी या समाजांचे दर्यावर्दीही आहेत. या गावाचे आजचे प्रश्न समजून घ्यायचे, तर त्याच्या दक्षिणेकडील समुद्रात गेल्या दीडशे वर्षांत आखल्या गेलेल्या रेषा आधी पाहाव्या लागतात.

रेषा नव्हत्या तेव्हा वारा होता. अठराव्या शतकात, कदाचित त्याच्याही आधीपासून, सुलावेसीच्या मकास्सर बंदरातील गलबते पावसाळी वाऱ्यावर ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा गाठत, समुद्रकाकडी (समुद्रतळावर राहणारा काकडीच्या आकाराचा मऊ प्राणी) गोळा करीत, ती उकडून, धुरावर सुकवून उलट वाऱ्याने परतत आणि तो माल चिनी व्यापाऱ्यांना विकत. १८०३ साली ब्रिटिश दर्यासंशोधक मॅथ्यू फ्लिंडर्स यांची गाठ अशाच सहा गलबतांशी पडली, तेव्हा या मोसमात एकूण साठ गलबते आणि सुमारे हजार माणसे आली असल्याचे त्यांना सांगण्यात आले. हा उद्योग घरच्या चुलीपुरता नव्हता, तो पहिल्यापासून दूरच्या बाजारपेठेसाठी चाललेला व्यापार होता. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते. ऑस्ट्रेलियन प्रशासनाने आधी परवाना शुल्क लावले, मग परवानेच बंद केले, आणि १९०७ मध्ये मकास्सरचे शेवटचे गलबत परत गेले. किनारा बंद झाला तरी रोतेच्या दक्षिणेकडील प्रवाळखडकांवरची ये-जा थांबली नाही.

या खडकांतील सर्वांत जवळचा म्हणजे ॲशमोर. रोतेचे लोक त्याला पुलाउ पासिर, म्हणजे वाळूचे बेट, म्हणतात. रोतेपासून तो सुमारे दीडशे किलोमीटर, तर ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीपासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तिथे इंडोनेशियन खलाशांच्या कबरी आहेत. तरीही मालकी भूगोलावरून ठरली नाही. ब्रिटनने १८७८ मध्ये हा खडक आपल्या साम्राज्याला जोडला आणि १९३० च्या दशकात तो ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात दिला. इंडोनेशियाला मिळाला तो डच वसाहतीचा वारसा, आणि त्या वसाहतीत ॲशमोर कधीच नव्हता. २०२२ मध्ये पश्चिम तिमोरमधील काही मंडळींनी या बेटावर हक्क सांगितला, तेव्हा खुद्द इंडोनेशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाने हाच खुलासा करून ते ऑस्ट्रेलियाचे असल्याचे स्पष्ट केले.

१९६८ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपले मासेमारी क्षेत्र किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत वाढवले आणि ॲशमोरभोवतीचे पाणी एका फटक्यात परके झाले. त्यावर तोडगा म्हणून नोव्हेंबर १९७४ मध्ये दोन्ही सरकारांत समझोता झाला. ॲशमोर, कार्टियर, स्कॉट, सेरिंगापटम आणि ब्राउझ या पाच ठिकाणी ‘पारंपरिक’ मच्छीमारांना मुभा मिळाली. अट अशी, की होडी शिडाची हवी, इंजिन नको. वरकरणी ही अट समंजस वाटते, परंतु तिच्यात एक खोट आहे. परंपरेची ओळख माणसांच्या वहिवाटीवरून न करता त्यांच्या साधनांवरून केली गेली, आणि तीही एका ठरावीक क्षणी गोठवून. सर्वत्र मच्छीमार काळानुसार होड्या बदलतात. पेपेलाच्या तांडेलाने मात्र इंजिन बसवले की तो त्याच खडकावर, तोच माल काढताना गुन्हेगार ठरतो. वादळ उठले तर शीड हाच त्याचा एकमेव आधार.

मुभा दिली गेली तरी ती आक्रसत गेली. १९८३ मध्ये ॲशमोर निसर्ग-राखीव क्षेत्र झाले आणि १९८८ पासून तिथली मासेमारी थांबवली गेली. १९८९ च्या वाटाघाटींत पाचही ठिकाणांना कवेत घेणारी सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटरची चौकट नकाशावर निश्चित झाली. क्षेत्र मोठे झाले, पण त्यातला जवळचा खडक गेला. दरम्यान आणखी गुंतागुंतीची वाटणी झाली होती. समुद्रतळाची हद्द १९७२ च्या करारानुसार इंडोनेशियाच्या बाजूला सरकलेली आहे, तर पाण्याची हद्द साधारण मध्यावर आहे. परिणामी या दोन रेषांमधल्या पट्ट्यात पोहणारा मासा इंडोनेशियाचा, आणि त्याच्याखाली तळाशी पडून असलेली समुद्रकाकडी ऑस्ट्रेलियाची. दोन्ही हद्दी एकत्र मांडणाऱ्या १९९७ च्या करारावर सह्या झाल्या, पण त्याला अंतिम मंजुरी मिळाली नाही.

१९८० नंतर चीनकडून शार्कच्या परांना चढा भाव येऊ लागला आणि सुलावेसीजवळच्या वाकातोबी द्वीपसमूहातील मोला या गावचे बाजो मच्छीमार पेपेलात येऊन वसले, कारण दक्षिणेकडील पाण्याला हाच तळ सोयीचा. सफरीचा शिधा आणि घरच्यांसाठी उचल सहसा होडीमालक किंवा व्यापारी देतो, आणि विक्रीतून ती कापून घेऊन उरलेल्याची वाटणी होते. ऑस्ट्रेलियन गस्तीने हद्दीबाहेर पकडलेली होडी जाळली, की होडी गेली तरी कर्ज राहते, आणि ते फेडण्यासाठी पुन्हा समुद्रच गाठावा लागतो. जाळपोळीने मासेमारी थांबेल हा हिशेब म्हणूनच चुकत राहिला.

याच कर्जबाजारी खलाशांतून २००९ ते २०१३ दरम्यान ऑस्ट्रेलियाकडे आश्रयार्थींना चोरून नेणाऱ्या होड्यांवर माणसे भरती झाली. एका फेरीचे पैसे कित्येक सफरींच्या कमाईला मागे टाकणारे होते. पकडले गेले ते खालचे खलाशी, आणि ऑस्ट्रेलियन कायद्यात अशा गुन्ह्याला किमान पाच वर्षांची सक्तीची शिक्षा होती. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून वय ठरवण्याच्या पद्धतीमुळे अल्पवयीन मुलेही प्रौढांच्या तुरुंगात गेली. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २०१२ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले.

किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात दोऱ्यांवर समुद्री शेवाळ वाढवण्याचा धंदा हा या साऱ्यातून बाहेर पडण्याचा सर्वांत आश्वासक मार्ग होता. त्यापासून मिळणारा कॅरागीनन अन्नप्रक्रियेत वापरला जातो, स्त्रियाही या कामात बरोबरीने असतात, आणि कोणतीही रेषा ओलांडावी लागत नाही. पण २१ ऑगस्ट २००९ रोजी ऑस्ट्रेलियन हद्दीतील माँटारा तेलविहिरीत स्फोटक गळती झाली आणि ती दहा आठवड्यांहून अधिक काळ चालली. माणसांना न ओलांडता येणारी रेषा तेलाने सहज ओलांडली. रोते आणि कुपांग परिसरातील पंधरा हजारांहून अधिक शेवाळ-उत्पादकांच्या वतीने, शेवाळाच्या नुकसानीबद्दल चाललेल्या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेलविहिरीशी संबंधित पीटीटीईपी या थाई कंपनीने, जबाबदारी मान्य न करता, १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड केली. गळतीला तेव्हा तेरा वर्षे उलटली होती, आणि एप्रिल २०२१ मधील सेरोजा चक्रीवादळाने रोतेला त्याआधीच आणखी एक तडाखा दिला होता.

शिडाच्या होड्यांसाठी आता मुख्यतः स्कॉट प्रवाळखडक उरला आहे. तिथली महागडी समुद्रकाकडी १९९० च्या दशकाअखेरच्या पाहणीतच कमालीची घटलेली आढळली होती, आणि खडकाच्या तळाखाली नैसर्गिक वायूचा साठा आहे, ज्याच्या उत्खननाचा प्रस्ताव ऑस्ट्रेलियात बराच काळ चर्चेत आहे. १९७४ च्या समझोत्यात पेपेलाच्या होड्यांना खडकावरचे प्राणी गोळा करण्याची मुभा आहे. त्याखालच्या वायूबद्दल त्यात काही म्हटलेले नाही.