थारच्या अंगणात खेजडी कशी आली

थारमध्ये घराभोवती सावलीचं झाड लावायचं ठरलं, की आता खेजडीचं नाव निघतं. रोपवाटिकेत तिची रोपं मिळतात, कलमंही मिळतात. हे मात्र अलीकडचं आहे. शेकडो वर्षं खेजडी सहसा कुणी मुद्दाम लावत नसे. शेळीच्या पोटातून बाहेर पडलेलं बी बांधावर, शेतात आपसूक रुजायचं, आणि नांगर धरणारा माणूस त्या कोंबाला वळसा घालून पुढे जायचा. आजच्या थारमधल्या जुन्या खेजड्या अशा वळशांमुळे उभ्या आहेत.

मराठीत ही शमी किंवा सौंदड. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रं लपवली ती हिच्यावरच. पंजाबात ती जंड, सिंधमध्ये कंडी, आखाती देशांत घाफ. लिनियसने १७५३ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली, त्या नावातल्या ‘सिनेरारिया’चा अर्थ राखेच्या रंगाची.

झाड राखण्याला नियमाचं बळ दिलं ते संत जांभोजींनी. १४८५ मध्ये त्यांनी बिश्नोई पंथ स्थापला. बिश्नोई म्हणजे बीस-नौ, वीस आणि नऊ असे एकोणतीस नियम, त्यांतला एक हिरवं झाड न तोडण्याचा. अनेक गावांत देवाच्या नावाने राखलेली ओरणंही होती. ‘ओरण’ म्हणजे अरण्यच, तिथे कुऱ्हाड चालवायला बंदी. वाळवंटात एक वाढलेलं झाड गेलं तर त्याच्या जागी दुसरं उभं राहायला एक पिढी जाते, हे या नियमामागचं साधं गणित असावं असं मला वाटतं.

या नियमाची कसोटी १७३० मध्ये लागली. जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या नव्या महालासाठी चुना भाजायचा होता, भट्ट्यांना लाकूड हवं होतं. माणसं पाठवली गेली ती जोधपूरजवळच्या खेजडली गावात. गावाचं नावच झाडावरून पडलेलं. तिथली बिश्नोई बाई अमृतादेवी खेजडीला मिठी मारून उभी राहिली. ‘सिर सांटे रूंख रहे, तो भी सस्तो जाण’, म्हणजे डोकं देऊन झाड राहत असेल तरी सौदा स्वस्तच, असे तिचे शब्द परंपरेने जपले आहेत. ती गेली, पाठोपाठ तिच्या तीन मुली गेल्या, मग आसपासच्या गावांतून लोक येत राहिले. एकूण ३६३ जणांनी जीव दिला, तेव्हा कुऱ्हाडी थांबल्या. भाद्रपद शुद्ध दशमीला तिथे आजही जत्रा भरते. एवढ्या माणसांनी एका झाडाच्या जातीसाठी मरण पत्करलं, हे कितीही वेळा वाचलं तरी मला पुढे वाचवत नाही.

नुसत्या श्रद्धेवर हे टिकलं असं नाही. खेजडीला पालवी फुटते ती चैत्र-वैशाखात, पावसाचा पत्ता नसताना, लू म्हणजे उन्हाळ्यातले तापलेले वारे वाहू लागल्यावर. म्हणजे सावली अगदी हवी तेव्हाच मिळते. हिवाळ्यात शेतकरी तिची छाटणी करतात. त्या दिवसांत झाड वळलेल्या मुठीसारखं दिसतं, आणि उतरवलेला पाला, त्याला तिकडे लूंग म्हणतात, उंट-शेळ्यांच्या चाऱ्याला येतो. मुळं वीस मीटरच्याही खाली जातात, त्यामुळे वरच्या थरातल्या ओलीवर ती बाजरीशी भांडत नाही. शिवाय शेंगवर्गीय असल्याने जमिनीत नत्र धरते. कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, ती वाळवून वर्षभर भाजीला पुरते. विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळात तर लोकांनी हिची साल दळून भाकरी केली.

मग विसाव्या शतकात घाई आली. झटपट हिरवळ हवी म्हणून परदेशी झाडं आणली गेली. विलायती बाभूळ, आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो ती, १९४० मध्ये जोधपूर संस्थानात ‘शाही झाड’ ठरली. इस्रायली बाभूळ १९५८ मध्ये आली. दोन्ही भराभर वाढल्या, वाळू अडवायला उपयोगीही पडल्या, पण वेडी बाभूळ गायरानं आणि ओरणं गिळत गेली. त्याच काळात शेतात ट्रॅक्टर शिरला. ट्रॅक्टरला वळसा घालणं जमत नाही. कोवळी रोपं फाळाखाली गेली, जुन्या झाडांची मुळं दुखावली, त्यात दरवर्षीची बोडकी छाटणी, खोल गेलेलं भूजल, मूळ पोखरणारे किडे आणि बुरशी. सीकर, झुंझुनू, नागौरकडे उभी झाडं वाळू लागली. १९८३ मध्ये राजस्थानने खेजडीला राज्यवृक्ष केलं खरं, पण मान मिळाला म्हणून शेतातलं रोप वाचत नाही.

म्हणून आता ती लावावी लागते, आणि लावताना तिचा स्वभाव सांभाळावा लागतो. पहिली दोन-तीन वर्षं वर काहीच घडत नाही असं वाटतं. वीतभर काटेरी काडी, चार पानं. तेवढ्यात खाली मूळ काडीच्या कितीतरी पट उतरलेलं असतं. लहान पिशवीत ते तळाशी गुंडाळलं जातं आणि असं रोप पुढे कधीच जोर धरत नाही. त्यासाठी उंच, नळीसारखी पिशवी हवी, नाहीतर बी भिजवून सरळ जागेवर टोकावं. पाणी रोज थोडं थोडं घातलं तर मूळ वरच रेंगाळतं, त्यापेक्षा बऱ्याच दिवसांनी एकदा, पण खोल मुरेल इतकं द्यावं.

बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागायती संस्थेने ‘थार शोभा’ नावाची बिनकाट्याची कलमी खेजडी तयार केली आहे. तिला सांगरी लवकर धरते आणि तोडणी सोपी जावी म्हणून झाड बुटकं ठेवतात. भाजीसाठी ती उत्तम. खाली खाट टाकून दुपार काढायची असेल तर मात्र बियाचीच लावावी, आणि खोड उंच होईपर्यंत शेळ्यांपासून कुंपण घालून ठेवावी.