कामाच्या ग्रुपवर प्रश्न का थांबतात?

टेरी टॉवेलच्या मागावर एका बाजूचे लूप, म्हणजे टॉवेलवरचे सुताचे फासे, आखूड पडू लागले, तर आधी पाइल बीमचा (लूपचं सूत गुंडाळलेल्या रुळाचा) ताण तपासावा लागतो. सोलापुरात हे सांगू शकणारे जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे) पुष्कळ आहेत, व्यवसायाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ते असतात. तरीही नव्याने कारखाना सांभाळू लागलेला तरुण तिथे प्रश्न टाकायला बिचकतो. आधी कुणाला तरी ‘एवढंही कळत नाही, तर धंद्यात कशाला आलात?’ असं उत्तर मिळालेलं त्याने वाचलेलं असतं. टोमणा एकाला मारला जातो, पण वाचतात सगळेच; त्यांतले किती जण कायमचे गप्प झाले, ते दिसत नाही.

संशोधक एमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या 51 गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चूक सांगितली किंवा मदत मागितली तर अपमान होणार नाही, अशी खात्री असलेले गट जास्त शिकत होते. या खात्रीला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणतात. कामाच्या ग्रुपवरचे नियम तिच्यासाठीच हवेत.

लेखी शब्द जास्त का बोचतात, हेही मोजलं गेलं आहे. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं, की ईमेलमधलं वाक्य उपरोधाचं आहे की गंभीर, हे वाचणाऱ्याला सुमारे 78 टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. कळलं सुमारे 56 टक्के वेळा. नुसता अंदाज ठोकला असता तरी निम्म्या वेळा बरोबर आलाच असता. लिहिणाऱ्याच्या मनात स्वतःचा सूर वाजत असतो, वाचणाऱ्याला फक्त अक्षरं मिळतात. म्हणून एखाद्याच्या कामातला दोष सांगायचा असेल तर फोन करावा, निदान व्हॉइस मेसेज पाठवावा.

सोलापुरात घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू. घाईत टाइप केलेल्या मराठीत लिंग-वचन चुकलं म्हणून हसण्याचं काहीच कारण नाही. प्रश्न कुठल्याही भाषेत येऊ द्यावा. ज्याला समजला त्याने दोन ओळींत मराठी करून द्यावं.

‘सर्वांशी आदराने वागा’ हा नियम निरुपयोगी ठरतो, कारण आपण आदरानेच वागतो असं प्रत्येकाला वाटतं. नियमात वागणूक लिहावी: जात, धर्म, भाषा, शिक्षण यांवरून शेरा नाही, ग्रुपमधून नंबर घेऊन महिला सदस्यांना कामाशिवाय खासगी मेसेज नाही, दुसऱ्याच्या खराब मालाचा फोटो नावासकट टाकायचा नाही. उत्तर देणाऱ्याने आधी सुताचा काउंट (जाडी-बारीकपणाचा आकडा), मागाचा प्रकार आणि दोष कधीपासून येतो हे विचारावं. असे पाच-सहा नियम पुरतात. ते ग्रुपच्या वर्णनात ठेवावेत आणि नवा सदस्य आला की पुन्हा टाकावेत. संशोधक नेथन मॅटियस यांच्या 2019 च्या प्रयोगात, रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या विज्ञानविषयक चर्चांमध्ये नियम ठळक दाखवल्यावर नियम पाळणाऱ्या नवख्यांचं प्रमाण 8 टक्केबिंदूंहून अधिक वाढलं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे नव्या लोकांचा सहभाग सरासरी 70 टक्क्यांनी वाढला. नियमांमुळे माणसं पळतात, ही भीती तिथे खोटी ठरली.

बरेच ग्रुप अंमलबजावणीत फसतात. मेसेज आक्षेपार्ह दिसला की ॲडमिन घाईने तो पुसतो आणि पुरावाही जातो. आधी स्क्रीनशॉट घ्यावा. मग ज्याला लागलं त्याची विचारपूस करावी, ज्याने लिहिलं त्याला खासगीत, नेमकं वाक्य दाखवून सांगावं. चारचौघांत झापलं की तो चूक मान्य करण्याऐवजी इभ्रत राखायला भांडतो. पुन्हा घडलं तर आठ दिवस ग्रुपबाहेर, तिसऱ्यांदा कायमचं बाहेर; मोठ्या व्यापाऱ्यालाही हेच. धमकी किंवा लैंगिक मेसेज असेल तर या पायऱ्या नकोत, त्याच दिवशी काढावं आणि तक्रार करायची असल्यास त्या व्यक्तीला स्क्रीनशॉट द्यावा. ॲडमिन किमान दोन असावेत, त्यांतली एक महिला. एका ॲडमिनविरुद्धची तक्रार दुसऱ्याने ऐकावी.