गॅस जनरेटरची वीज आणि तिचा कार्बन
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"गॅस जनरेटर बसवला म्हणजे आमची वीज ग्रीन झाली ना?" हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक साइटवर ऐकू येतो. उत्तर स्पष्ट देतो: नाही. नैसर्गिक वायू हेही खनिज इंधनच आहे. फायदा होतो, पण तो किती, हे तुमच्या कारखान्यावर ठरतं.

100 एससीएम (स्टँडर्ड क्युबिक मीटर, म्हणजे प्रमाणित घनमीटर) पाइप गॅस धरू. चांगल्या स्थितीतलं इंजिन त्यातून सुमारे 375 युनिट वीज देतं आणि जवळपास 200 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे युनिटमागे 0.53 किलो. डिझेल जेनसेटला हाच आकडा पाऊण किलोच्या आसपास जातो, देशाच्या ग्रिडची सरासरी 0.7 किलोच्या जवळ आहे. ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढेल तसं हे अंतर कमी होणार.

खरी बचत उष्णतेत आहे. गॅसमधल्या ऊर्जेची जेमतेम 38 टक्के वीज होते, बाकीची जॅकेट वॉटर (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आणि सायलेन्सरमधून निघून जाते. हीट एक्स्चेंजर (ही उष्णता पाण्याला देणारं उपकरण) लावून त्यातली 400 युनिटइतकी उष्णता पकडली, तर बॉयलरचा 45 ते 50 एससीएम गॅस वाचतो. ते वजा केल्यावर विजेचा कार्बन युनिटमागे 0.28 किलोवर येतो. डेअरी, डाइंग, हॉटेलची लाँड्री, जिथे दिवसभर गरम पाणी लागतं तिथे हे जमतं. उष्णतेला गिऱ्हाईक नसेल, तर आधी छतावर सोलर बसवा, असंच आम्ही सांगतो.

आता मिथेन. इंजिनात थोडा गॅस न जळताच बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. त्यामुळे 1 टक्का गॅस निसटला, तरी वरच्या 200 किलोंत साधारण 20 किलोंची भर पडते. कमी लोडवर हे प्रमाण वाढतं, म्हणून गरजेपेक्षा मोठा सेट घेऊ नका. सर्व्हिसला आमचा माणूस हवा-गॅसचं मिश्रण, स्पार्क प्लग, टॅपेट तपासतो आणि प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावतो. तो अर्धा तास वाचवायला कृपया सांगू नका.

निर्यातदारांसाठी एक सूचना: कार्बनच्या हिशोबात स्वतः जाळलेला गॅस स्कोप 1 मध्ये (स्वतःचं थेट उत्सर्जन) येतो, ग्रिडची वीज स्कोप 2 मध्ये (विकत घेतलेल्या ऊर्जेचं उत्सर्जन). जनरेटर आल्यावर एक आकडा घटतो, दुसरा वाढतो. खरेदीदाराला दोन्ही दाखवा.

आमची भेट ठरवताना 12 महिन्यांची वीजबिलं, बॉयलरच्या इंधनाची बिलं आणि निदान एका आठवड्याची तासागणिक लोडची नोंद तयार ठेवा.